बाळंतिणीचे मन : शिरगावच्या परिसरातून एक ऐतिहासिक आलोचन

१

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव श्रीदेवी लईराईच्या जत्रेमुळे सर्वतोमुखी झाले आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री तेथे होमकुंड पेटते आणि काही दिवसांचे व्रत पाळलेले धोंड, हाती वेताची काठी घेऊन, त्या निखाऱ्यांतून चालत जातात. लईराई ही सात बहिणींपैकी एक. केळबाय मुळगावास राहिली, म्हामाय मयेस, मोरजाय पेडणे महालातील मोरजीस. आणि म्हापशास गेलेली मिराबाय पुढे मिलाग्रिस सायबीण म्हणून हिंदू व ख्रिस्ती या दोहोंच्या भक्तीचा विषय झाली. लईराईने रागाच्या भरात आपला भाऊ खेतोबा यास लाथ मारली, मागाहून तिला पश्चात्ताप झाला आणि त्याच्या निष्कृतीसाठी तिने अग्निदिव्य पत्करले, अशी एक आख्यायिका या परिसरात सांगितली जाते.

या आख्यायिकेतील एक गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. येथे देवीला मन आहे. ती रागावते, तिला खेद होतो, तो खेद तिला स्वस्थ बसू देत नाही. आणि सारा गाव दर वर्षी त्या खेदाचे स्मरण करतो. ज्या समाजाने देवीच्या मनाची आठवण इतक्या निष्ठेने जपली, त्याच समाजाने आपल्या घरातील बाळंतिणीच्या मनाची दखल कशी घेतली, हा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर स्त्रीच्या मनावर जे मळभ येते, ते काही आधुनिक काळाचे अपत्य नव्हे. ते पूर्वीही येत होते. फक्त त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळत गेली. त्या नावांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नाव देणे म्हणजे अर्धा निवाडा करणे होय. एखाद्या दुःखाला आपण डोहाळे म्हणतो, विटाळ म्हणतो, बाधा म्हणतो, गुन्हा म्हणतो की आजार म्हणतो, यावरच त्या दुःखी माणसाच्या वाट्याला लाड, एकांत, अंगारा, तुरुंग की औषध यांपैकी काय येणार ते ठरते.

२

यांतील सर्वांत जुना व सर्वांत गोड शब्द म्हणजे डोहाळे. त्याचे मूळ संस्कृत 'दोहद' या शब्दात आहे, आणि वैद्यकग्रंथांनी त्याचा संबंध 'दौहृद' म्हणजे दोन हृदयांची अवस्था हिच्याशी जोडला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाची चेतना प्रकट होते; त्यामुळे गर्भिणी द्विहृदया होते आणि तिच्या इच्छा या दोघांच्या इच्छा ठरतात. त्या पुरविल्या नाहीत तर अपत्यात व्यंग निर्माण होते, असाही इशारा तेथे आहे. आपल्याकडील डोहाळजेवण, किंवा गोव्यातील गर्भिणीला फुले माळण्याचा सोहळा, हे या कल्पनेचेच लौकिक रूप होय. हिरव्या साडीतील, फुलांनी भरलेल्या वेणीतील त्या स्त्रीला त्या दिवशी सर्वजणी विचारतात, 'तुला काय हवे?' एरवीच्या आयुष्यात हा प्रश्न तिला क्वचितच विचारला गेलेला असतो.

तथापि या गोड शब्दातही एक मेख आहे. इच्छा पुरवावयाची ती गर्भासाठी. स्त्री ही त्या इच्छेची वाहक, धनीण नव्हे. रामायणातील सीतेची कथा या दृष्टीने फार बोलकी आहे. गर्भवती सीतेला तिची इच्छा विचारली जाते. गंगातीरीचे आश्रम पाहावेत, असे ती सांगते. आणि तीच इच्छा पुरविण्याचे निमित्त करून तिला अरण्यात सोडले जाते. डोहाळे पुरविले गेले, परंतु डोहाळे सांगणारीच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न राजसभेत कोणासही पडला नाही. तो पडला कवींना. आणि म्हणूनच उत्तररामकथेवर आपल्याकडील कवी व नाटककार पुनःपुन्हा येत राहिले.

प्राचीन वैद्यकाची दृष्टी मात्र लौकिक समजुतीपेक्षा पुष्कळच खोल होती, हे नमूद केले पाहिजे. गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींत मनाची प्रसन्नता ही सर्वश्रेष्ठ, असे चरकाने सूत्रस्थानात म्हटले आहे. सतत शोकात बुडालेल्या गर्भिणीचे मूल भित्रे, कृश अथवा अल्पायुषी होते, असे तो शारीरस्थानात सांगतो. सूतिकेच्या रक्षणाचा विधी वर्णन करताना तर त्याने फार मोलाची सूचना केली आहे. प्रेमळ व अनुभवी स्त्रियांनी दहाबारा दिवस तिच्याजवळ जागत राहावे. तिचे घर गीतवाद्यांनी व तिच्यावर माया करणाऱ्या आनंदी माणसांनी भरलेले असावे. गर्भाच्या वाढीने, वेणांनी व रक्तस्रावाने सूतिकेचे शरीर रिते झालेले असते, म्हणून तिचा आजार बरा होण्यास कठीण, ही मीमांसाही तेथेच आहे. त्यातील रक्षोघ्न धूप आणि पोटल्या बाजूला ठेवल्या, तरी 'तिला एकटी ठेवू नका' हा गाभा शिल्लक राहतो; आणि तो आजही शिळा झालेला नाही.

३

चरकाचा हा जागता पहारा लोकाचारात सटीच्या रूपाने टिकला. घाटावर जिला सटवाई म्हणतात, कोकणात व गोव्यात जिचे पूजन पाचवीसहावीच्या रात्री होते, ती षष्ठी देवता बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते, अशी श्रद्धा. त्या रात्री दिवा विझू द्यावयाचा नाही आणि बाळंतिणीजवळच्या माणसांनी झोपावयाचे नाही. हा आचार गोमंतकीयांच्या जीवनात किती खोल रुजला होता, याची साक्ष त्याच्या शत्रूनेच देऊन ठेविली आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो प्रसिद्ध हुकूमनामा काढला आणि जो अनंत काकबा प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील १९६१ च्या ग्रंथामुळे अभ्यासकांस सुपरिचित झाला, त्यात धर्मांतरितांना निषिद्ध ठरविलेल्या आचारांच्या लांबलचक यादीत प्रसूतीनंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरणही आहे. धर्म बदलला, नावे बदलली, तरी बाळंतिणीच्या उशाशी रात्र जागविण्याची गरज काही बदलली नव्हती. म्हणूनच तिच्यावर बंदी घालावी लागली.

डिचोली व पेडणे हे महाल त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर होते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत ते 'नव्या काबिजादी'त समाविष्ट झाले. तोवर धर्मच्छळाची लाट ओसरली होती आणि नव्या प्रजेच्या देवळांना व रूढींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे शिरगावसारख्या गावी देवीचा होम जसा अखंड राहिला, तसेच बाळंतिणीच्या खोलीतील आचारही फारसे न बदलता चालत आले.

या खोलीचे चित्र काढताना आम्ही केवळ गौरवाचे रंग वापरू इच्छीत नाही. सोयेर, म्हणजे जननाशौच, या शब्दात एकाच वेळी दोन अर्थ नांदतात. बाळंतिणीला शिवावयाचे नाही, तिने स्वयंपाकघरात किंवा देवघरात जावयाचे नाही, या नियमामुळे तिला सक्तीची विश्रांती मिळे. एरवी कष्टाळू घरात तिला ती कोणी दिली नसती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रूढी, तेल व शेक, वयजिणीचा, म्हणजे सुईणीचा, अनुभवी हात, या सर्वांचा मनालाही आधार होता. परंतु त्याच सोयेराने तिला अंधाऱ्या, धुराने कोंदलेल्या खोलीत एकटेही पाडले. आधार आणि कोंडवाडा यांच्यातील भिंत फार पातळ होती. माहेर सुखवस्तू व मायेचे असेल तर ती खोली विश्रांतीची. माहेर नसेल, किंवा तिसरी मुलगी झाली म्हणून घर गप्प असेल, तर तीच खोली शिक्षेची.

आणि त्या खोलीच्या बाहेर अळवंतीण उभी असे. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे भूत ते अळवंतीण, ही समजूत कोकणात व गोव्यात सर्वत्र आहे. ज्या काळात बाळंतपण म्हणजे खरोखरीच मृत्यूच्या दारातून परत येणे होते, त्या काळात प्रत्येक बाळंतिणीला आपल्या ओळखीची एखादी न परतलेली स्त्री आठवत असणार. अळवंतीण ही त्या आठवणीला मिळालेली आकृती होय. मग एखादी बाळंतीण रात्रंदिवस जागी राहू लागली, असंबद्ध बोलू लागली, मूल आपले नव्हेच म्हणू लागली, की निदान तयार असे : तिला लागीर झाले. घाडी बोलावला जाई, देवाला कौल लावला जाई, गाऱ्हाणे घातले जाई.

या निदानाची निर्भर्त्सना करणे सोपे आहे. त्याचे मर्म समजून घेणे अधिक उपयोगाचे. लागीर या कल्पनेने स्त्रीला दोषमुक्त केले. ती बोलते ते तिचे नव्हे, तिच्यातल्या परक्याचे. तेव्हा परका गेला की ती पुन्हा आपली. समाजात परत येण्याची वाट तिच्यासाठी मोकळी राही. परंतु या मुक्तीचे मोल फार जबर होते. तिच्या बोलण्यात जे तिचे स्वतःचे होते, नवऱ्याच्या माराविषयीचे, उपाशी दिवसांविषयीचे, नको असलेल्या गरोदरपणाविषयीचे, तेही परक्याच्या खाती जमा झाले. भूत बोलते म्हटल्यावर बाईचे ऐकण्याचे कारण उरत नाही. शिवाय ज्या स्त्रीचे दुःख असे आरडाओरड्याने प्रकटत नाही, जी केवळ मुकाट्याने झिजत जाते, तिच्याकडे घाडी काय किंवा देव काय, कोणाचेच लक्ष जात नाही. आणि अशाच स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी असते, हे आता वैद्यकाने दाखवून दिले आहे.

४

एकोणिसाव्या शतकात या दुःखाला कायद्याच्या दालनात ओढले गेले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, ते विधवांच्या गुप्त गरोदरपणाची परिणती कशात होते हे डोळ्यांनी पाहिल्यावर. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली व पुढे ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्या पुस्तकाचे महत्त्व आपल्या वाङ्मयेतिहासात आता मान्य झाले आहे. येथे त्याचा उल्लेख करण्याचे कारण वेगळे आहे. अर्भकाच्या हत्येचा विचार करताना त्या मातेच्या बाजूने जग कसे दिसत होते, हा प्रश्न मराठीत जाहीरपणे विचारणाऱ्या पहिल्या लेखनांपैकी ते एक आहे. इंग्लंडात १९२२ साली बालहत्येविषयीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९३८ साली त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. प्रसूतीच्या परिणामी मातेच्या मनाचा तोल ढळलेला असू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्या दंड संहितेत तशी स्वतंत्र तरतूद कधी आली नाही, आणि २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या न्याय संहितेतही ती नाही. वेडेपणाचा सर्वसाधारण बचाव तेवढा आहे.

त्याच दशकात कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांतच दगावले होते, आणि डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते, हे सर्वश्रुत आहे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या मुलीला प्रसूतीने पोरवयात शोक दिला, तिने त्याच प्रसूतीच्या शास्त्राचा अभ्यास आपल्या ग्रंथपरंपरेतून करावा, ही घटना आम्हांस या इतिहासात फार अर्थपूर्ण वाटते. पदवीनंतर वर्षभरात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात निवर्तल्या.

गोव्यात कायद्याची पावले निराळ्या दिशेने पडली. पोर्तुगीज सरकारने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढी व चालीरीतींची संहिता जारी केली. तीत पुरुषास पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह करण्याची मुभा ज्या कारणांनी दिली, त्यांत प्रमुख दोन होती : पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच न होणे, आणि ती तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा न होणे. पत्नीचे वय त्याहून कमी असल्यास शेवटच्या गरोदरपणापासून दहा वर्षे उलटलेली असावीत, अशीही तरतूद होती. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही रूढीची केवळ नोंद होती. परंतु बाळंतिणीच्या खाटेवरून पाहिले असता तिचा अर्थ काय होतो? मुलगी झाल्याचे ऐकताच बाईच्या काळजात जे चर्र होत असे, त्याला आता कायद्याच्या कलमाचे पाठबळ मिळाले. तिची मुदत वर्षांत मोजली जाऊ लागली. जे भय आजवर सासूच्या जिभेवर होते, ते सरकारी कागदावर उतरले. बाळंतिणीच्या मनाच्या इतिहासात या संहितेला स्थान दिले पाहिजे, ते यासाठी.

५

युरोपात या काळात वैद्यकाची दृष्टी बदलत होती. १८२० साली लंडनमध्ये रॉबर्ट गूच याने प्रसूतीनंतरच्या वेडावर निबंध प्रसिद्ध केला. १८५८ साली पॅरिसमध्ये लुई व्हिक्टर मार्से याने गर्भवती, सूतिका व स्तनदा स्त्रियांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या पॅरिस शहरातच, मार्सेच्या चाळीसपन्नास वर्षे आधी, एका गोमंतकीयाने मनाविषयी एक मूलगामी गोष्ट सांगितली होती. बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १८१३ पासून तेथे संमोहनाचे प्रयोग करून दाखवीत. संमोहित माणसास येणारी निद्रा ही कोणत्याही बाह्य चुंबकीय द्रवामुळे येत नसून तिचे कारण त्या माणसाच्याच मनात, त्याच्या अपेक्षेत व विश्वासात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८१९ साली, ज्या वर्षी ते वारले त्याच वर्षी, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनाच्या व्यापारांचे कारण बाहेरच्या शक्तीत न शोधता मनातच शोधावे, हा विचार लागीरच्या प्रदेशातून गेलेल्या माणसाने मांडावा, यात एक विलक्षण योग आहे. पणजीस १९४५ साली उभारलेला त्यांचा पुतळा, मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची कृती, गोमंतकात कोणी पाहिला नाही असे नाही.

पणजीस १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते. मनोरुग्णांसाठी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर जे रुग्णालय झाले, त्यास आबे फारियांचेच नाव देण्यात आले. १९८० साली त्याचे रूपांतर मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत झाले. परंतु या संस्थांच्या दारी पोचत ती तीव्र वेडाचा झटका आलेली बाळंतीण. आणि असा झटका हजार प्रसूतींमागे एखाददुसऱ्या स्त्रीलाच येतो. तो आला असता विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते, कारण माता व मूल दोघांच्याही जिवास धोका असतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या-पाचव्या दिवशी पुष्कळ स्त्रियांना उगाचच रडू येते आणि ते आठदहा दिवसांत आपोआप निवळते. त्यास औषध लागत नाही, माया लागते. या दोन टोकांच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश, आठवडेच्या आठवडे टिकणारी विषण्णता, तो मात्र दीर्घकाळ कोणाच्याच नकाशावर नव्हता. एडिंबरोच्या संशोधकांनी १९८७ साली दहा साध्या प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तेव्हा तो मोजता येऊ लागला.

६

गोव्यात तो मोजला गेला तो म्हापशास. लईराईच्या बहिणीच्या गावी. तेथील आझिलो रुग्णालय हे उत्तर गोव्यातील सामान्य कुटुंबांचे बाळंतपणाचे हक्काचे ठिकाण. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापिली होती. पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसोझा यांनी आझिलोत येणाऱ्या २७० गर्भवतींशी शेवटच्या तिमाहीत संपर्क साधला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २५२ मातांची पुन्हा भेट झाली, तेव्हा ५९ जणी, म्हणजे शेकडा २३, विषण्णतेच्या विकाराने ग्रस्त आढळल्या. २००२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यातील आकड्यांपेक्षाही त्यातून निघणारी संगती अधिक बोलकी आहे. या ग्रस्त मातांपैकी शेकडा ७८ जणींचे मन गर्भारपणातच दुखावलेले होते. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणाचा विकार म्हणतो, त्याची मुळे डोहाळजेवणाच्या दिवसांतच धरलेली होती. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांमध्ये दारिद्र्य आणि नवराबायकोतील बिघडलेले संबंध ही प्रमुख होती. आणि बालक मुलगा की मुलगी, या गोष्टीचाही परिणाम स्पष्ट दिसला : उपासमार किंवा नवऱ्याची मारहाण यांसारख्या कारणांचा आघात मूल मुलगी असताना अधिक तीव्र होत होता. १८८० च्या संहितेतले ते कलम आम्ही वर का उद्धृत केले, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. कायद्याच्या कागदावर जे भय लिहिले होते, ते सव्वाशे वर्षांनी दवाखान्याच्या कागदावर पुन्हा उमटले.

२००३ साली याच संशोधकांनी १७१ बालकांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषण्ण मातांची मुले सहाव्या महिन्यात वजनाने कमी भरण्याचा संभव इतरांच्या दुपटीहून अधिक होता. शोकमग्न मातेच्या कृश बालकाविषयी चरकाने जे निरीक्षण नोंदविले होते, त्याची येथे सहज आठवण होते. दोघांची परिभाषा भिन्न, पण दोघांचेही बोट एकाच खाटेकडे आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अभ्यासात मातांना बोलते करण्यात आले. त्या आपल्या अवस्थेला आजार म्हणत नव्हत्या. पैशाची ओढ, नवऱ्याचे वागणे, एकटेपणा, असे त्या सांगत होत्या. भुताला बोलू देणाऱ्या समाजात बाईला स्वतःच्या आवाजात बोलण्याची ही संधी होती, आणि तिने जे सांगितले ते अत्यंत शहाणपणाचे होते.

शिरगावच्या संदर्भात या कारणांकडे पाहिले असता त्यांचा अर्थ अधिक उलगडतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली महालातील डोंगर लोहखनिजासाठी फोडले जाऊ लागले. शेतीवर जगणारी घरे ट्रकांच्या व खाणींच्या रोजगारावर जगू लागली. शिरगावात खाणींच्या खोल खड्ड्यांमुळे विहिरी आटल्याची तक्रार गावकऱ्यांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली. २०१२ साली गोव्यातील खाणकाम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले; मधल्या काळात सुरू होऊन २०१८ साली ८८ परवान्यांच्या रद्दबातल होण्याने ते पुन्हा बंद पडले. खाण चालली तर विहीर जाते आणि खाण थांबली तर पगार जातो, असा हा पेच. विहीर आटली की पाण्याचा हंडा कोणाच्या कमरेवर येतो आणि पगार थांबला की घरातील कुरबूर कोणाच्या अंगावर कोसळते, हे सांगावयास नको. गावच्या अर्थव्यवहाराचा इतिहास आणि बाळंतिणीच्या मनाचा इतिहास हे दोन वेगळे विषय आहेत, असे मानण्याची आपली सवय आता सोडली पाहिजे.

उपायाची कथाही आमच्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांनी आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकरवी विषण्ण मातांना घरोघरी आधार देण्याचा प्रयोग केला. सहा महिन्यांनंतर ज्यांना हा आधार मिळाला त्यांत शेकडा २३ आणि ज्यांना मिळाला नाही त्यांत शेकडा ५३ माता विषण्ण राहिल्याचे २००८ साली दिसून आले. हाच कार्यक्रम गोव्यात आला तेव्हा तो सेविकांच्याही पुढे जाऊन गावातल्याच साध्या, स्वतः मुले वाढविलेल्या स्त्रियांच्या हाती देण्यात आला. त्यांना नाव मिळाले 'सखी'. २८० गर्भवतींवरील या प्रयोगाचे फळ २०१९ साली प्रसिद्ध झाले : लाभ मध्यम, पण खरा, आणि खर्च अल्प. सखीने करावयाचे ते काय, तर येणे, बसणे, ऐकणे, बाळाकडे व स्वतःकडे पाहण्याची नवी रीत लहानलहान पावलांनी शिकविणे, घरच्या माणसांना त्यात ओढणे. प्रेमळ व अनुभवी स्त्रियांनी दहाबारा दिवस तिच्याजवळ जागत राहावे, ही चरकाची सूचना येथे दहाबारा महिन्यांसाठी आणि मोजमापासह परत आलेली दिसते.

७

या सर्व वृत्तांतातून आम्हांस जो निष्कर्ष काढावासा वाटतो, तो असा. आपल्या परंपरेने बाळंतिणीस एकटे ठेवू नये हे ओळखले होते. परंतु तिच्याजवळ बसणाऱ्यांनी तिचे ऐकावे, हे तिने पुरतेपणी ओळखले नव्हते. सटीच्या रात्री सारे घर जागे असे, पण ते बाळाच्या कपाळाकडे पाहत. आधुनिक व्यवस्थेने नेमकी उलट चूक केली आहे. आज गोव्यात शेकडा ९९ हून अधिक प्रसूती रुग्णालयात होतात. मातामृत्यूची ती जुनी छाया, जिच्यातून अळवंतीण जन्मली, ती पुष्कळच विरली. हा विजय लहान नव्हे. पण रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी परतलेल्या मातेभोवती पूर्वीची वयजीण नाही, आणि शहरातल्या सदनिकेत सव्वा महिना बसावयास आईही नाही. रक्तदाब मोजला जातो, लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या जातात; 'तुझे मन कसे आहे?' हा प्रश्न तेवढा विचारावयाचा राहून जातो. देशभरातील अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज करता सुमारे शेकडा २२ माता प्रसूतीनंतर विषण्ण असतात, असे अनुमान २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे. पाचांमधली एक हे प्रमाण ज्या दुःखाचे आहे, त्यास अपवाद म्हणता येत नाही.

काही पावले पडली आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय मनोआरोग्य संस्थेत माता व बालक यांस एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९ साली सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या मातेपासून सामान्यतः वेगळे करू नये, असा दंडक घातला. म्हापशाच्या अभ्यासाने गर्भारपणातच ओळख पटविता येते, हे दाखविले. तेव्हा गावच्या आरोग्यकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीस ते दहा प्रश्न तिच्या भाषेत विचारणे आणि जिचे उत्तर जड आहे तिच्या घरी एखादी सखी धाडणे, एवढे तरी अशक्य कोटीतील नाही.

वाङ्मयाच्या उपासकांकडेही या कार्याचा एक वाटा येतो. डोहाळ्यांची गाणी आपण पुष्कळ जमविली, पाळणे जमविले, सटवाईच्या कथा जमविल्या. डिचोली, पेडणे, सत्तरी या महालांतील ज्या वृद्ध स्त्रियांनी सोयेरातील त्या अंधाऱ्या खोलीत दिवस काढले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत टिपून घेणे हे आता लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे तातडीचे काम आहे. कारण ती पिढी फार काळ आपल्यात राहणार नाही. गाण्यांमधून त्या काय गात होत्या ते आपणांस ठाऊक आहे. गाणे संपल्यावर त्यांच्या मनात काय चालले होते, ते त्यांना एकदा विचारले पाहिजे. शिरगावच्या देवीचा खेद जो गाव वर्षानुवर्षे स्मरतो, त्या गावच्या लेकीसुनांचा खेद ऐकून घेण्यास तो नकार देईल, असे आम्हांस वाटत नाही.